माळ पिवळा, खाचर हिरवं

अंबूबाई माझी थोरली जाऊ. तिच्याबद्दल चांगलं बोलायला अख्खं वडिवळं आहे. कुणालाही थांबवून विचारा, तोंड भरून सांगेल. त्या कामाला माझी गरज नाही. मी तिच्यावर तीस वर्षं जळले आहे. आणि जळणारं माणूस जेवढं बारीक बघतं तेवढं कौतुक करणारं बघत नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहायचा खरा हक्क माझा आहे.

मी कामशेतची. बाजारपेठेतल्या घरातली, सातवी पास, रंगाने उजळ. अंबूबाई पवनेकडच्या एका वाडीतून आलेली. काळी, रुंद मनगटांची, आणि सही म्हणाल तर अंगठा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, आता इथे माझाच तोरा चालणार. आठ दिवसांत कळलं, की इथे अंबूला विचारल्याशिवाय पानही हलत नाही. सासूबाईंना भाजीत मीठ किती घालायचं ते अंबूने सांगायचं, सासऱ्यांना नांगर कधी धरायचा ते अंबूने सांगायचं. भाताच्या लावणीला तर गावातल्या बायका पहिली मूठ तिच्याच हातून लावून घ्यायच्या. "अंबूच्या हातचं रोप मरत न्हाई," म्हणायच्या. माझ्याही हातचं रोप मरत नव्हतं. पण ते कुणी बघितलं नाही.

सासऱ्यांनी आपल्या हयातीतच वाटण्या केल्या. दोन भाऊ, दोन तुकडे. मापाने दोन्ही सारखेच, पण जातीने जमीन-अस्मानाचा फरक. नदीकाठचं भाताचं खाचर थोरल्या महिपतीभाऊंना, म्हणजे अंबूबाईला. आणि वर रस्त्याकडचा मुरमाड माळ आमच्या ह्यांना, म्हणजे मला. खाचरातली काळीभोर माती, पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत आत जायचं. माळावर कुदळ मारली तर ठिणगी उडायची. सासरे म्हणाले, "भात अंबूच्या हाताला यश देतं. तिचं तिला." तिचं तिला! मी चार दिवस अन्नाला शिवले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आमचे हे म्हणजे नथूराव, बायकोच्या आणि भावाच्या मध्ये उभं राहायची वेळ आली की जनावरांना वैरण घालायला जाणारा माणूस. पाचव्या दिवशी सासूबाई, भामाबाई त्यांचं नाव, अंबूबाईला घेऊन मागच्या दारी गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. अंबूबाई आत आली आणि एवढंच म्हणाली, "घेऊ दे तिला."

आमच्या घराण्यात शेताची अदलाबदल करायची एक रीत आहे. मारुतीच्या देवळापुढे पाच जाणती माणसं बसवायची, आपापल्या शेतातलं एक ढेकूळ आणायचं आणि एकमेकांच्या हातात द्यायचं. नारळ फुटला की जमीन बदलली. मग तलाठ्याकडे जाऊन नोंद. अंबूबाईने खाचराचं ढेकूळ माझ्या हातात देताना जरा वेळ लावला. मला वाटलं, भाव खाते. माझं ढेकूळ कसलं, मुरमाचा गोळा. तिने तो पदरात घेतला आणि चालू लागली. दुसऱ्या दिवशी आमचे हे नोंद करायला म्हणून गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "झालं."

त्या दिवशी मला वाटलं होतं, जिंकले.

पण अंबूबाईने त्या माळावर काय केलं, ते ऐका. रोज संध्याकाळी भाकऱ्या भाजायच्या आधी दहा घमेली दगड वेचायची. दहा म्हणजे दहाच. पावसाळा सोडला तर एक दिवस खाडा नाही. त्या दगडांचा तिने उताराच्या कडेला बांध घातला, त्यामागे माती धरली, मग दुसरा बांध, मग तिसरा. पाच-सहा वर्षांत तिथे नाचणी आली. पुढे वरई. बांधाला करवंदाच्या जाळ्या लावल्या, त्यांची करवंदं लोणावळ्याला भुशीच्या वाटेवर द्रोणात विकून यायची. महिपतीभाऊ वारले तरी दहा घमेली चुकली नाहीत. एकुलती एक मुलगी प्रेरणा, तिला त्या माळाच्या उत्पन्नावर नर्स केली. ती आता तळेगावात नांदते. आणि उताराचा माळ हळूहळू सपाट झाला.

दरम्यान मी खाचरात होते. भात येत होतं. वाईट येत नव्हतं. पण लोक माझ्या बांधावर उभे राहून म्हणायचे, "अंबूच्या येळंला काय पीक यायचं हितं!" वाटण्यांआधी तिने तिथे फक्त चार हंगाम काढले होते. चार! आणि मी तीस वर्षं कंबर वाकवली तरी ते खाचर लोकांच्या तोंडी अंबूचंच राहिलं.

त्यात तिची एक सवय मला सर्वांत जास्त झोंबायची. सकाळी शेण-पाणी उरकलं की ती माळाच्या कडेला येऊन उभी राहायची. एक हात कमरेवर, एक कपाळावर. खाली बघत. खाली म्हणजे माझ्याकडे. रोप कुठे विरळ लागलंय, पाणी कुठे फुटलंय, बांध कुठे खचलाय, सगळं तिला वरून दिसत असणार. मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करायचे. पाठीलासुद्धा तिची नजर कळायची. संध्याकाळी मी ह्यांना म्हणायचे, "आल्ती तुमची वहिनी, माज्या चुका काडायला." हे म्हणायचे, "असंल," आणि वैरण घालायला जायचे.

दोन वर्षांपूर्वी अंबूबाई एक कागद घेऊन माझ्या दारात आली. सरकारने सलोखा नावाची योजना काढली होती. ज्यांनी आपसांत शेतं बदललीत त्यांनी ती थोडक्या खर्चात रीतसर करून घ्यावीत, अशी. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा तिने इतकंच म्हटलं, "चंपे, दोगींनी सही करू. मनातलं ओझं जाईल." सही म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. तीस वर्षांनी हिला खाचर परत हवंय! मी म्हणाले, "तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी. मला कागद-बिगद काय नको, जाऊबाई." ती उंबऱ्यावरूनच परत गेली. मी चहासुद्धा विचारला नाही.

आणि मग नकाशा आला.

प्रारूप विकास आराखडा म्हणतात त्याला. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत कुठे घरं होणार, कुठे शेती राहणार, रस्ते कुठून जाणार, ते सरकारने आधीच रंगवून ठेवायचं. पिवळा रंग म्हणजे घरं. हिरवा रंग म्हणजे शेती. ज्याची जमीन पिवळ्यात गेली त्याने पेढे वाटायचे. हिरव्यात राहिली त्याने मुकाट घरी जायचं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो नकाशा लावला आणि सगळं गाव तिथे लोटलं. गावातलाच संदेश, जो आता लोणावळ्यात जागांचे व्यवहार करतो, तो बोट ठेवून एकेकाचं भविष्य सांगत होता. मी पुढे घुसले.

"काकी, तुमचं खाचर हिरव्यात," तो म्हणाला.

"आनि जाऊबाईंचा माळ?"

"सपाट जागा, रस्त्याला लागून. पिवळा. काकी, अंबूमावशीची लॉटरी लागली म्हणा की! मुंबईची पार्टी डोळे झाकून घेईल."

माझ्या पोटात जे झालं ते लिहायला मला लाज वाटत नाही, कारण ते प्रत्येकाच्या पोटात कधी ना कधी होतं. भूक लागल्यासारखं आणि मळमळल्यासारखं, दोन्ही एकदम. शिरगावच्या माझ्या धाकट्या बहिणीची जमीन अशीच पिवळी झाली होती. आता ती मोटारीतून माहेरी येते आणि खुर्ची पुसून बसते. तिचं मी सोसलं. पण अंबूबाई? जो दगड मी चार दिवस उपाशी राहून तिच्या गळ्यात बांधला, तो दगडच सोन्याचा निघाला? मी त्या पिवळ्या ठिपक्याकडे इतकी बघत राहिले, की मागच्या बाईने मला ढकललं.

नकाशावर हरकत घ्यायला मुदत होती. मला एकाएकी झाडांचा, डोंगराचा, करवंदाच्या जाळ्यांचा भयंकर कळवळा आला. कामशेतला स्नेहलचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे, तिच्याकडे गेले. तिने संगणकावर नकाशा उघडला. गट नंबर विचारला. आम्हाला नंबर कुठले ठाऊक? आमच्यात एकाला खाचर म्हणतात आणि एकाला माळ. मी पडद्यावर बोट ठेवलं. "ही जागा. लिही, की ही जमीन डोंगरउताराची हाय, पाण्याचा ठिकाना न्हाई, हितं घरं नकोत, हिरव्यातच ठेवा." स्नेहलने नकाशातला नंबर बघून अर्ज भरला, त्याला सातबारा जोडला आणि माझी सही घेतली. सातबारा मी वाचला नाही. वाचायला येत असून वाचला नाही. माझं लक्ष फक्त त्या एका वाक्यावर होतं: रहिवासी विभागातून वगळण्यात यावा.

सुनावणी वडगावला होती. मी आणि हे जीपमध्ये बसलो, तर पुढच्या सीटवर अंबूबाई! मांडीवर कापडी पिशवी, ठेवणीतलं लुगडं. मी घाबरले. हिला कळलं की काय? ती म्हणाली, "तुलाबी बोलावलंय व्हय?" मी खिडकीबाहेर बघितलं.

हॉलमध्ये टेबलामागे चष्मेवाले एक साहेब आणि एक मॅडम होत्या. समोर पन्नासेक माणसं, सगळी पिवळा मागायला आलेली. आमचं गाव पुकारलं तशा आम्ही दोघी एकदमच पुढे गेलो. साहेबांनी माझा अर्ज काढला.

"गट नंबर दोनशे चौदा. रहिवासी नको, शेतीच ठेवा, अशी हरकत. अर्जदार चंपा नथू. तुम्हीच ना?"

"व्हय साहेब."

त्यांनी मागचा सातबारा बघितला. मग परत अर्ज. मग माझ्याकडे. "या गटाचे खातेदार नथू कोंडिबा. हे कोण तुमचे?"

मी ह्यांच्याकडे बोट केलं.

"म्हणजे तुम्ही स्वतःच्याच जमिनीवर हरकत घेतली आहे? बाई, सकाळपासून इथे लोक पिवळा द्या म्हणून रडतायत. नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

हॉल हसला. "साहेब, चुकतंय तुमचं. तो माळ ह्या जाऊबाईंचा हाय. तीस वर्सं झाली, अदलाबदल झालीया."

"कागदावर झालेली नाही."

मी ह्यांच्याकडे वळले. हे छताच्या पंख्याकडे बघत होते. पुढे घरी गेल्यावर सगळं ओकले: त्या दिवशी तलाठी भेटला नाही, आठवड्याचा बाजार होता, ह्यांनी मिसळ खाल्ली, बैलाला घुंगरमाळ घेतली आणि घरी येऊन 'झालं' म्हणाले. उद्या जाऊ, परवा जाऊ करत तीस वर्षं गेली. त्या एका मिसळीवर मी तीस वर्षं झोपले होते.

साहेबांनी पुढचा अर्ज घेतला. "गट एकशे सत्त्याऐंशी. अंबूबाई महिपती. नवीन रस्ता शेतातून जातोय, तो बाजूच्या जुन्या गाडीवाटेने न्यावा. खातेदारही याच. हे रीतसर आहे."

"एकशे सत्त्याऐंशी म्हंजी कुटलं?" मी विचारलं.

मॅडमनी नकाशा माझ्याकडे फिरवला. माझं खाचर. त्याच्या बरोबर मधून दोन बारीक रेघा गेल्या होत्या. रस्ता. याच नकाशापुढे मी ग्रामपंचायतीत उभी होते, स्नेहलच्या दुकानात बसले होते. त्या रेघा मला दिसल्याच नव्हत्या.

मी अंबूबाईला म्हणाले, "माज्या खाचराची हरकत तुमी का घेतली?"

"तुजं ध्यान पिवळ्यात हुतं," ती शांतपणे म्हणाली. "मंग कुनी घ्यायची?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. माझी हरकतही.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "चंपाबाई, लवकर सांगा. हरकत ठेवायची की मागे घ्यायची?"

ठेवली तर माळ हिरवा. पिवळा अंबूबाईच्या हातून गेला, आणि मी आले होते त्यासाठीच. मागे घेतली तर माळ पिवळा, आणि कागदाने आमचा. मी अंबूबाईकडे बघितलं. तिच्या पिशवीतून सलोख्याच्या त्या जुन्या कागदाचं टोक दिसत होतं. मला वाटलं, आता तरी ही भांडेल. पाच माणसांची नावं घेईल, ढेकळाचं सांगेल, दहा घमेल्यांचं सांगेल. माझ्या झिंज्या धरल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. ती नकाशातल्या खाचराकडे बघत होती.

"मागं घेते," मी म्हणाले आणि सही केली.

बाहेर चिंचेखाली अंबूबाई थांबली. "कागदापरमानं करू," ती म्हणाली. "माळ तुजा. खाचर माजं. कबूल?"

"कबूल, वहिनी," हे चटकन बोलले. एवढ्या चटकन मी ह्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

माझा विश्वास बसेना. "एवढा पिवळा माळ सोडून खाचर कशाला पायजे तुमाला? त्यात डाव काय हाय?"

आणि तेव्हा अंबूबाई चिडली. तीस वर्षांत पहिल्यांदा. "डाव? चंपे, मी रोज सकाळी माळाच्या कडंला उबी ऱ्हाते, ते कशापायी वाटलं तुला?"

"माज्या चुका काडायला."

"तुज्याकडं बगतंय कोन! मी माज्या खाचराकडं बगत हुते. तू उपाशी पडलीस, सासूबाईंनी पदर पसरला, म्हनून दिलं. जीव न्हवता दिला. तू त्यात वाकलेली दिसलीस की मला इंगळ्या डसायच्या. त्यापायीच दगूड येचत बसायचे सांजच्याला, घरात बसवत न्हवतं म्हनून. शेवटाला म्हनलं, कागद करून कायमचं तुजं करून टाकावं, म्हंजी माजी नजर तरी हटंल तितनं. तर तू उंबऱ्यावरनं हाकललंस. बरं झालं हाकललंस! पिवळं घाल चुलीत. मला माजा चिखूल पायजे."

अंबूबाई माझ्यावर जळत होती. वडिवळ्याची गुणाची अंबू, तीस वर्षं, रोज, माझ्यावर! परतीच्या जीपमध्ये मी इतकी खूश होते, की ह्यांच्यावर ओरडायचंही विसरले.

आता वर्ष होईल. आराखडा अजून मंजूर व्हायचाय, रस्त्याचंही काही कळलेलं नाही, पण माळ आमच्याकडे आला आणि खाचर तिच्याकडे गेलं. या वेळी दोघींनी तलाठी कार्यालयात जाऊन नोंदी तपासल्या, मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवल्या. संदेश दर रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन येतो, मी त्यांना चहा करते. माझा मुलगा निलेश बंगल्यांची चित्रं मोबाइलवर दाखवतो. शिरगावच्या बहिणीला मीही एकदा खुर्ची पुसून बसून दाखवलं. जे जे मला हवं होतं ते सगळं मिळालं.

फक्त सकाळ मोठी झाली आहे. शेण-पाणी उरकतं आणि हाताला काम उरत नाही. माळावर मी काही पेरलेलं नाही. विकायच्याच जमिनीत काय पेरायचं? तरी पाय तिकडे वळतात. अंबूबाईने रचलेल्या बांधावर जाऊन मी उभी राहते. तिथून खाचर खरंच सगळं दिसतं.

काल तिची लावणी होती. दहा-बारा बायका, गुडघाभर चिखल, आणि मध्ये साठी उलटलेली अंबूबाई, लुगड्याचा ओचा खोचून, सगळ्यांच्या एक हात पुढे. पहिली मूठ तिनेच लावली असणार. बायका हसत होत्या. माझ्या पोटात तेच सुरू झालं, भूक लागल्यासारखं आणि मळमळल्यासारखं. माझ्या पायाखाली लाखमोलाची जमीन आणि मी चिखलावर जळत होते. वाटलं, उतरून जावं आणि तिच्या हातातली मूठ हिसकावून घ्यावी.

तेवढ्यात ती सरळ झाली. चिखलाचा हात कपाळावर धरून तिने वर बघितलं.

"चंपे!" ती ओरडली. "वर काय करतीस एकली? ये की खाली, रोपं लय उरल्यात!"

मी चपला काढून हातात घेतल्या आणि तशीच उभी राहिले. ती याच जागेवर तीस वर्षं उभी होती, आणि तिला खाली बोलवावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.